रिपोर्ट निगेटिव्ह, ताप कायम

प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये तीन रिपोर्ट नीट लावून आणले होते. मलेरिया कार्ड टेस्ट निगेटिव्ह. डेंग्यू एनएस-१ निगेटिव्ह. विडाल पॉझिटिव्ह, १:१६०. मुलगा २७ वर्षांचा. चार दिवस ताप, डोळे तांबारलेले, खुर्चीत बसतानाही भिंतीला टेकत होता. "टायफॉईडच निघालाय ना, मॅडम?" त्याच्या आईने विचारलं. दोन दिवस टायफॉईडचं औषध चालू होतं आणि ताप उतरायचं नाव घेत नव्हता.

मी पॅथॉलॉजिस्ट. औषध लिहिणं माझं काम नाही. पण रक्त घेण्याआधी एक प्रश्न विचारायचाच, हा मी माझ्यापुरता नेम करून घेतला आहे: गेल्या वर्षभरात कुठे लांब जाऊन आलात का?

"टांझानियात होतो, मॅडम. सोलरच्या साइटवर, तीन महिने. येऊन बारा दिवस झाले."

तिन्ही रिपोर्टांवर ही गोष्ट कुठेच नव्हती. कोणी विचारली नव्हती आणि त्यालाही सांगावीशी वाटली नव्हती. ताप पुण्यात आला, म्हणजे तो पुण्याचाच, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

बोटाला सुई टोचून काचपट्टीवर दोन थेंब घेतले. एक थेंब दुसऱ्या काचेच्या कडेने सर्रकन ओढून पातळ केला. दुसरा काचेच्या कोपऱ्याने गोल गोल फिरवून जाड ठेवला. हा जाड थेंब किती जाड असावा याची जुनी, साधी खूण आहे: ओला असताना स्लाइड छापील कागदावर ठेवली, तर खालची अक्षरं जेमतेम वाचता यावीत. मग तो वाळू द्यायचा. पंखा जोरात लावून किंवा दिव्याजवळ धरून घाई केली, तर रक्त काचेला भाजून बसतं आणि स्लाइड वाया जाते. जिम्सा स्टेनचं पाणी पडलं की जाड थेंबातल्या तांबड्या पेशी फुटून विरघळतात. मागे उरतात पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स आणि असले तर परजीवी. पातळ थेंब मात्र आधी मिथेनॉलमध्ये बुडवून पक्का केलेला असतो, त्यामुळे त्यात तांबडी पेशी अख्खी राहते आणि परजीवी तिच्यात कसा बसला आहे ते दिसतं. जाड थेंबात तो शोधायचा, पातळ थेंबात त्याची जात ओळखायची.

तेल टाकून शंभरपट भिंगाखाली मी एकेक फील्ड सरकवत गेले. साठाव्या-पासष्टाव्या फील्डमध्ये पहिली अंगठी दिसली. मलेरियाच्या कोवळ्या परजीवीला अंगठीच म्हणतात आणि ती दिसतेही तशीच: निळसर बारीक कडं आणि त्यावर लालसर-जांभळा खडा. मग पातळ थेंबात पाहिलं. एका पेशीत दोन अंगठ्या होत्या, दुसऱ्या पेशीत कडेला चिकटलेली एक होती आणि एकीच्या कड्यावर एकाऐवजी दोन खडे होते. फाल्सिपेरम. मलेरियाच्या जातींमधली सगळ्यांत जीवघेणी.

मग तीन दिवसांपूर्वीची कार्ड टेस्ट खोटी होती का? नाही. तापाच्या पहिल्या दिवशी घेतलेल्या त्या थेंबाने खरंच सांगितलं होतं की माझ्या नजरेला काही दिसत नाही. ही नजर किती पोचते, ते आकड्यांत पाहू. चांगल्या लॅबमध्ये जाड थेंब साधारणपणे एका मायक्रोलिटर रक्तात ५० परजीवी असले तर पकडतो. निष्णात नजर याहूनही कमी पकडते. कार्ड टेस्टला बहुधा १०० ते २०० लागतात. मोठ्या माणसाच्या अंगात ५ लिटर रक्त धरलं, तर ते ५० लाख मायक्रोलिटर होतं. म्हणजे मायक्रोलिटरला ५० या हिशेबाने अंगात २५ कोटी परजीवी फिरत असताना आम्हाला त्यांचा पहिला पत्ता लागतो. त्याच्या निम्मे असतील, तर रिपोर्ट निगेटिव्ह.

प्रवाशाच्या बाबतीत हे विशेष अडचणीचं ठरतं. मलेरियाच्या प्रदेशात लहानपणापासून डास चावून घेतलेल्या माणसाच्या शरीराला या परजीवीची ओळख असते. त्याच्या रक्तात हजारो परजीवी असले तरी तो शेतावर कामाला जाऊ शकतो. तिथे तापाच्या माणसाची स्लाइड पॉझिटिव्ह आली, तरी ताप दुसऱ्याच कशाने आलेला असू शकतो. बाहेरून गेलेल्याला ही ओळख नसते. त्याला मूठभर परजीवींनीच हुडहुडी भरते, आणि ते मूठभर आहेत म्हणून तपासणीत सुटतात. त्यात त्याने मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या अर्धवट घेतल्या असतील, तर परजीवींची संख्या आणखी दबलेली राहते. फाल्सिपेरमची आणखी एक खोड आहे. त्याच्या वाढलेल्या अवस्था फिरत्या रक्तात थांबत नाहीत. मेंदूतल्या आणि इतर अवयवांतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना त्या चिकटून बसतात. बोटातल्या थेंबात दिसतात त्या बाहेर राहिलेल्या कोवळ्या अंगठ्या. रुग्ण खालावत चालला आहे आणि थेंबात मात्र थोडेच परजीवी, असं होऊ शकतं ते यामुळे.

म्हणून मलेरियाच्या प्रदेशातून आलेल्या माणसाला ताप असेल, तर एका निगेटिव्ह स्लाइडवर मलेरिया खोडता येत नाही. बारा ते चोवीस तासांच्या अंतराने तीनदा पाहावं लागतं. आल्फोन्स लावेराँ या फ्रेंच लष्करी डॉक्टरने १८८० साली अल्जीरियात एका सैनिकाच्या रक्तात हा परजीवी पहिल्यांदा पाहिला. त्यानंतर तपासण्या कितीतरी आल्या, पण पुन्हा पुन्हा पाहण्याला पर्याय निघालेला नाही. परजीवीच्या डीएनएवरची पीसीआर तपासणी कितीतरी कमी परजीवी पकडते, पण तापलेल्या माणसाला तासाभरात उत्तर हवं असतं तेव्हा ती सगळीकडे हाताशी नसते.

कार्ड टेस्टची एक गोष्ट अलीकडची आहे. बहुतेक कार्डं फाल्सिपेरमचं एचआरपी-२ नावाचं प्रथिन पकडतात. पेरूच्या ॲमेझॉन भागातल्या कित्येक परजीवींमध्ये हे प्रथिन बनवणारं जनुकच नाही, असं २०१० साली प्रसिद्ध झालं. पुढे इरिट्रिया आणि इथिओपियातही तसे परजीवी मोठ्या प्रमाणात सापडले. असा परजीवी अंगात कितीही वाढला, तरी ते कार्ड कोरंच राहू शकतं. तेव्हा "कुठे गेला होतात" या प्रश्नाच्या उत्तरावर कोणत्या तपासणीवर विसंबायचं हेही ठरतं.

आता विडालकडे येते. या तपासणीबद्दल मला मनापासून कळकळ वाटते, कारण हिच्या एका ओळीवर आपल्याकडे लाखो लोक अँटिबायोटिक गिळतात. फर्नांड विडाल यांनी पॅरिसमध्ये १८९६ साली ती मांडली. टायफॉईड झालेल्या माणसाचं रक्तद्रव्य टायफॉईडच्या जंतूंमध्ये मिसळलं की जंतूंच्या गुठळ्या होतात, कारण त्या रक्तद्रव्यात जंतूंविरुद्धची प्रतिपिंडं म्हणजे अँटिबॉडी असतात. ज्या देशात टायफॉईड क्वचितच होतो, तिथे या गुठळ्यांना अर्थ असतो. आपण मात्र लहानपणापासून टायफॉईडच्या आणि त्याच्या भावंडांच्या जंतूंना तोंड देत आलेलो असतो. कित्येक निरोगी माणसांच्या रक्तात ही प्रतिपिंडं थोडीफार असतातच. वर मलेरियासारख्या दुसऱ्या तापातही ती उसळी घेऊ शकतात. एकट्या विडालवर टायफॉईड म्हणणं म्हणजे गर्दीत एकसारखा शर्ट दिसला म्हणून माणूस धरणं. दहा-बारा दिवसांनी दुसरा नमुना घेतला आणि आकडा चौपट झाला, तर काही म्हणता येईल. पण तोवर ताप कोण सांभाळत बसणार? दुसरा नमुना द्यायला आलेला रुग्ण मी इतक्या वर्षांत बोटावर मोजण्याइतकाच पाहिला आहे.

टायफॉईडची खरी तपासणी ब्लड कल्चर. तीही सगळे रोगी पकडत नाही. टायफॉईडमध्ये एका मिलिलिटर रक्तात बहुधा एखादाच जंतू असतो, कधी तोही नसतो. म्हणून मोठ्या माणसाचं आठ-दहा मिलिलिटर रक्त बाटलीत घालावं लागतं. एवढं करूनही साधारण ४० ते ६० टक्के रुग्णांतच जंतू वाढतो. अँटिबायोटिकचे दोन डोस पोटात गेले असतील तर आणखी कमी. म्हणून रक्त आधी, गोळी नंतर. अमेरिकेत टायफॉईडचे बहुतेक रुग्ण परदेशातून, त्यातही मुख्यतः दक्षिण आशियातून, परतलेले असतात. न्यू जर्सीहून आजीला भेटायला सांगली-साताऱ्याला आलेली नातवंडं त्यांत असतात. हॉटेलात उतरणाऱ्या पर्यटकापेक्षा घरी येणाऱ्यांना धोका जास्त असतो. ते जास्त दिवस राहतात, घरचं-दारचं सगळं खातात, माठातलं पाणी पितात आणि "आपल्याच गावाला तर चाललोय" म्हणून लस घेत नाहीत. परत गेल्यावर ताप आला, तर तिकडच्या डॉक्टरला भारतातून आल्याचं पहिल्या वाक्यात सांगायला हवं.

डेंग्यूत सगळा खेळ दिवसांचा. विषाणूचं एनएस-१ हे प्रथिन तापाच्या पहिल्या दिवसापासून रक्तात मिळतं आणि पाचव्या दिवसानंतर उतरू लागतं. आयजीएम प्रतिपिंडं पाचव्या दिवसाच्या सुमारास वर येतात आणि दोन-तीन महिने टिकू शकतात. सहाव्या दिवशी नुसती एनएस-१ केली तर डेंग्यू सुटू शकतो. दुसऱ्या दिवशी नुसती आयजीएम केली तर जवळजवळ सुटतोच. ज्याला पूर्वी एकदा डेंग्यू होऊन गेला आहे, त्याच्यात जुनी प्रतिपिंडं एनएस-१ला लगेच घेरतात, त्यामुळे ती पट्टीही फिकी पडते. नेमका हाच दुसरा डेंग्यू जास्त गंभीर होण्याचा संभव असतो. आणि आयजीजी? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७-१८मध्ये देशभर पाहणी केली, तेव्हा पाच ते पंचेचाळीस वयाच्या सुमारे ४९ टक्के लोकांच्या रक्तात पूर्वीच्या डेंग्यूची आयजीजी सापडली. नुसत्या आयजीजी पॉझिटिव्हवर घाबरून प्लेटलेट्ससाठी धावपळ करणाऱ्या घरांना हे कोणीतरी समजावून सांगायला हवं.

रक्ताची स्मरणशक्ती मोठी आहे, पण चेहरे ओळखण्यात ती चुकते. डेंग्यू, झिका, जपानी मेंदूज्वर, पिवळा ताप हे सगळे विषाणू एकाच कुळातले. एकाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं दुसऱ्याच्या तपासणीतही रंग दाखवतात. आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत जाणाऱ्या आपल्या लोकांना पिवळ्या तापाची लस घ्यावी लागते. परत आल्यावर ताप आला, तर ती लसदेखील डेंग्यू-झिकाच्या प्रतिपिंडांचा अर्थ लावण्यात घोळ घालू शकते. याचं जुनं उदाहरण पुण्यातलंच आहे. आजची राष्ट्रीय विषाणू संस्था १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली. त्या सुमारास भारतातल्या लोकांच्या रक्ताचे नमुने तपासले गेले आणि काहींमध्ये झिकाविरुद्धची प्रतिपिंडं असल्याची नोंद झाली. तो खरोखर झिका होता की त्याच्या भावंडांची छाया, यावर पुढे शंका घेतली गेली. महाराष्ट्रातला झिकाचा पहिला निश्चित रुग्ण सापडला तो २०२१मध्ये, पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला.

इथे थोडं गणित करते, कारण चांगली तपासणीही कशी फसवते ते त्याशिवाय कळत नाही. समजा एक तपासणी शंभर रोग्यांपैकी ९० ओळखते आणि शंभर निरोगी माणसांपैकी फक्त ५ जणांना चुकून पॉझिटिव्ह म्हणते. आता कसलाच त्रास नसलेल्या हजार प्रवाशांना सरसकट तपासलं आणि त्यांत खरे रोगी १० असले, तर ९ सापडतील. पण उरलेल्या ९९० निरोगी लोकांपैकी सुमारे ५० जणही पॉझिटिव्ह निघतील. म्हणजे ५९ पॉझिटिव्हमध्ये खरे ९. तीच तपासणी, तेच रसायन, पण ताप आणि धोक्याचा प्रवास असे हजार लोक निवडले आणि त्यांत खरे रोगी ३०० असले, तर ३०५ पॉझिटिव्हपैकी २७० खरे निघतील. मात्र निगेटिव्ह आलेल्यांत ३० रोगी लपून राहतील. तपासणी बदलली नाही, तपासायला बसलेली माणसं बदलली. म्हणून "पॅकेजमध्ये बावीस टेस्ट स्वस्तात आहेत, सगळ्याच करून टाका" असं कोणी म्हणालं, की मी त्यांना आधी बसवून घेते.

सगळ्यांत जास्त धीर लागतो तो बिल्हार्झिया या कृमिरोगाला. मालावीच्या सरोवराचं पाणी इतकं नितळ की किनाऱ्यावर गेलेला माणूस उतरल्याशिवाय राहत नाही. त्या पाण्यातल्या गोगलगायींमधून निघालेल्या सूक्ष्म अळ्या कातडीतून आत शिरतात. तिथे पोहलेल्या दोन अमेरिकी स्वयंसेवकांच्या मज्जासंस्थेला १९९२मध्ये या रोगाने ग्रासलं. त्यानंतर मालावीत राहणाऱ्या परदेशी लोकांचं रक्त तपासलं, तेव्हा सुमारे एक तृतीयांश लोकांत प्रतिपिंडं मिळाली. पण ही प्रतिपिंडं यायला पाण्यात उतरल्यापासून सहा ते बारा आठवडे लागतात. विमानातून उतरल्याच्या आठवड्यात ही तपासणी करून "सुटलो" म्हणण्यात अर्थ नाही. आणि एकदा आलेली प्रतिपिंडं औषधाने रोग गेल्यावरही वर्षानुवर्षं राहतात, त्यामुळे बरं झालो का हे तिला विचारता येत नाही. कोकणातल्या वाचकांना हा रोग अगदी परका नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लघवीतून रक्त जाणारे रुग्ण सापडले आणि गाडगीळ व शहा यांनी १९५२मध्ये ते नोंदवले. भारतात या रोगाचं माहीत असलेलं ठिकाण म्हणून आजही त्याच गावाचं नाव घेतलं जातं.

हत्तीरोगात दिवसांपेक्षा घटका महत्त्वाची. आपल्याकडच्या हत्तीरोगाच्या सूक्ष्म अळ्या दिवसा फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत दडतात आणि रात्री कातडीजवळच्या रक्तात उतरतात, रात्री चावणाऱ्या डासाच्या वेळेला. म्हणून विदर्भातल्या गावांत आरोग्य कर्मचारी जेवणं उरकल्यावर टॉर्च घेऊन दारोदार जातात आणि झोपेतून उठवून लोकांच्या बोटातलं रक्त घेतात. दुपारी बाराला घेतलेली स्लाइड स्वच्छ निघाली, तर त्यातून काहीच कळत नाही. लंडनमध्ये १८८१ साली स्टीफन मॅकेन्झी यांनी एका रुग्णाला दिवसा झोपवलं आणि रात्री जागवलं, तेव्हा काही दिवसांत अळ्यांनीही आपलं वेळापत्रक उलटं केलं. अळ्या घड्याळ पाहत नाहीत, यजमानाची झोप पाहतात. लांबचा प्रवास करून दिवस-रात्र उलटी झालेल्या माणसाचं "रात्रीचं रक्त" घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. आता दिवसा करता येणारी प्रतिजन म्हणजे अँटिजेन तपासणीही आहे. पण मध्य आफ्रिकेत लोआ लोआ नावाचा चुलत कृमी भरपूर असलेल्या माणसात ती चुकून पॉझिटिव्ह येऊ शकते.

सगळीकडे रक्ततपासणी कमीच पडते, असं मात्र नाही. स्ट्राँगिलॉइड्स हा आतड्यातला कृमी माणसाच्या अंगातच पुन्हा पुन्हा पिढ्या काढतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश-सयाम रेल्वेवर राबवलेल्या युद्धकैद्यांच्या अंगात तो तीस-तीस वर्षांनीही जिवंत सापडला. शौचाच्या तपासणीत तो वारंवार हुकतो, रक्तातली प्रतिपिंडं मात्र त्याला बरंच चांगलं पकडतात. अशा माणसाला दम्यासाठी किंवा कोविडमध्ये दिली तशी स्टेरॉइडं भरपूर दिली, तर तो कृमी अंगभर पसरून जीव घेऊ शकतो. साध्या सीबीसीमध्ये इओसिनोफिल पेशी उगाच वाढलेल्या दिसल्या, तर वीस वर्षांपूर्वीचा मुक्कामही आठवून पाहावा.

आणि जी तपासणी मागितलीच नाही, ती पॉझिटिव्ह कशी येणार? २०१८च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत स्क्रब टायफसने माणसं दगावली. २०१६मध्ये दोडामार्गात माकडताप आला. काजूच्या बागांतून, जंगलातून येणारी माणसं त्यात सापडली. तापाच्या नेहमीच्या पॅकेजमध्ये हे दोन्ही बहुधा नसतात. अंगावर चट्टा आहे का, गोचीड दिसली होती का, कुठल्या रानात गेला होतात, हे विचारल्यावरच त्यांची नावं समोर येतात. म्हणून माझ्या लॅबच्या फॉर्मवर मी तीन ओळी वाढवून घेतल्या आहेत: कुठून आणि कोणत्या तारखेला परत आलात, ताप कोणत्या तारखेला सुरू झाला, कोणत्या गोळ्या आणि लसी घेतल्या. त्याखाली टेक्निशियन रक्त घेतल्याची वेळ लिहितो. सुरुवातीला त्या ओळी कोऱ्याच राहायच्या. आता लोक बाकावर बसून पासपोर्टवरचे शिक्के उलगडून तारखा भरतात.

टांझानियाहून आलेला तो मुलगा त्याच संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये दाखल झाला. आर्टिमिसिनिन गटातलं औषध सुरू झालं आणि तिसऱ्या दिवशी ताप गेला. तीन आठवड्यांनी तो पुन्हा दारात उभा. या वेळी अंगात काही नव्हतं, पण चेहरा पडलेला. कंपनीच्या मेडिकलमध्ये मलेरियाची कार्ड टेस्ट झाली होती आणि या वेळी ती पॉझिटिव्ह आली होती. आई म्हणाली, "गेला नाही का हो अजून?"

एचआरपी-२ परजीवी मेल्यानंतरही रक्तात आठवडेच्या आठवडे राहतं, हे मी दोघांना सांगितलं. मग पुन्हा बोटाला टोचलं, जाड थेंब, पातळ थेंब. स्टेन धुऊन वाळेपर्यंत तिघं बसून चहा प्यायलो. दोनशे फील्ड मोजून पाहिली, एकही अंगठी नव्हती. आईला विचारलं, "बघायचंय?" त्या चष्मा वर करून मायक्रोस्कोपवर वाकल्या. पांढऱ्या पेशींचे जांभळे ठिपके त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

रिपोर्टवर "परजीवी दिसले नाहीत" एवढं लिहून मी खाली तारीख आणि वेळ टाकली.